पीएचडीनंतर व्हेंचर कॅपिटल: लॅबमधून फंडात जाऊ पाहणाऱ्यांसाठी

पीएचडीचं शेवटचं वर्ष किंवा दुसरी पोस्टडॉक चालू असते, प्रोफेसरकीच्या जागा मोजक्याच, आणि अशात कळतं की एका सीनियरला कुठल्यातरी डीप टेक फंडात, म्हणजे लॅबमधल्या संशोधनावर उभ्या नव्या कंपन्यांत पैसे लावणाऱ्या व्हेंचर कॅपिटल फंडात, नोकरी लागली. मग शोधाशोध सुरू होते आणि जे सापडतं ते बहुतेक सगळं एमबीएवाल्यांनी एमबीएवाल्यांसाठी लिहिलेलं असतं. म्हणून हे लिहितोय. बायोटेक, मटेरियल्स, चिप्स, बॅटरी, क्वांटम, काहीही करत असाल आणि पैसे कसे लावतात याची शून्य माहिती असली तरी चालेल. एक गोष्ट मात्र आधीच सांगून टाकतो: लॅबमध्ये आपला सगळा जोर "हे खरं आहे का" यावर असतो, फंडात हा प्रश्न फक्त दार उघडतो, पुढची सगळी मारामारी "खरं असेल तर किती वर्षांत, किती पैशात, आणि विकत कोण घेणार" यावर चालते. हा बदल डोक्यात बसला की बाकीचं शिकता येतं.

आणि हो, एमबीए लागतं का? बहुतेक डीप टेक आणि बायोटेक फंडांत नाही लागत. पीएचडी हीच तिथली एंट्री असते.

पहिली पायरी: पैसा कुणाचा आणि तो परत कधी द्यायचा

फंडातला पैसा फंड चालवणाऱ्यांचा नसतो, म्हणजे थोडासा असतो पण बहुतेक सगळा पेन्शन फंड, विद्यापीठांचे एंडोमेंट (देणग्यांतून साठवलेला निधी), विमा कंपन्या, श्रीमंत कुटुंबं यांचा असतो. यांना एलपी म्हणतात, लिमिटेड पार्टनर. फंड चालवणारे ते जीपी, जनरल पार्टनर. ही अशी दुसऱ्यांचे पैसे नव्या तंत्रज्ञानात लावायची पद्धत व्यवस्थित धंदा म्हणून सुरू झाली ती १९४६ मध्ये, जॉर्ज डोरिओ यांच्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनपासून, आणि त्यांनी १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन नावाच्या नवख्या कॉम्प्युटर कंपनीत ७०,००० डॉलर लावले ते आजही उदाहरण म्हणून सांगितलं जातं.

आज साधारण फंड दहा वर्षांचा असतो, वर एक-दोन वर्षं वाढवून मिळतात. पहिल्या चार-पाच वर्षांत नवीन कंपन्या घ्यायच्या, उरलेला वेळ त्यांना वाढवायचं आणि बाहेर पडायचं. फी वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास, आणि एलपींचं मुद्दल परत गेल्यावर नफ्यातला साधारण वीस टक्के वाटा जीपींचा, त्याला कॅरी म्हणतात.

आता हे गणित एकदा हाताने करून बघा, कारण यातूनच फंडवाले असे का वागतात ते कळतं. समजा फंड १० कोटी डॉलरचा आहे. दहा वर्षांच्या फीमध्ये दीड-दोन कोटी गेले, कंपन्यांत लावायला उरले आठ-साडेआठ. तुम्ही एका कंपनीत सुरुवातीला २० टक्के घेतले, पुढचे राउंड, म्हणजे नवे शेअर देऊन पैसे उभे करायच्या फेऱ्या, होत होत ते १० टक्क्यांवर आले. आता ती कंपनी १०० कोटी डॉलरला विकली गेली, म्हणजे सगळे टाळ्या वाजवतील असं यश, तरी तुमच्या हातात आले १० कोटी, म्हणजे फंड फक्त एकदा परत आला. एलपींना तर तिप्पट हवं असतं. आणि बहुतेक कंपन्या बुडतात किंवा जेमतेम मुद्दल देतात, त्यामुळे जी एखादी चालते तिनेच सगळ्यांचं भरून काढायचं असतं. म्हणून एखादा पार्टनर तुमच्या आवडत्या, एकदम सॉलिड, ३० कोटींचं मार्केट असलेल्या सेन्सर कंपनीला "छान आहे पण आमच्यासाठी नाही" म्हणतो तेव्हा त्याला सायन्स कळलेलं नसतं असं नाही, त्याचं गणित बसत नाही एवढंच. नवीन माणूस पहिले सहा महिने इथेच चिडचिड करतो.

दुसरी पायरी: कुठल्या दाराने जायचं

सरळ रस्ता म्हणजे ॲनालिस्ट किंवा असोसिएट म्हणून लागणं, मग प्रिन्सिपल, मग पार्टनर. ऐकायला शिडी वाटते पण वरच्या पायऱ्या फार अरुंद आहेत, बऱ्याच फंडांत असोसिएटची जागा दोन-तीन वर्षांचीच धरलेली असते, त्यानंतर तुम्ही एखाद्या पोर्टफोलिओ कंपनीत (फंडाने पैसे लावलेल्या कंपनीत) जा किंवा दुसरा फंड बघा. मुलाखतीत हे स्पष्ट विचारा. "या जागेवरचा आधीचा माणूस आता कुठे आहे" हा एकच प्रश्न पुरतो.

दुसरं दार, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, म्हणजे विद्यापीठाचं टेक ट्रान्सफर ऑफिस. तिथे बसून तुम्ही शंभर शोध बघता, त्यातले कुठले पेटंट करायचे, कुणाला लायसन्स द्यायचं, कंपनी काढायची की नको हे ठरताना समोर असता, फंडवाले स्वतः तिथे चकरा मारतात आणि तुमची ओळख आपोआप होते. अनेक ठिकाणी पीएचडी करता करता अर्धवेळ इंटर्नशिप मिळते. घ्या. पैसे कमी मिळतील, घ्या तरी.

तिसरं, मोठ्या औषध, केमिकल किंवा चिप कंपन्यांचे स्वतःचे व्हेंचर विभाग. तिथे तांत्रिक खोली जास्त लागते आणि नुसत्या नफ्यापेक्षा "आपल्या कंपनीला याचा उपयोग काय" हे बघितलं जातं. तोटा हा की वरचा साहेब बदलला की अख्खा विभाग गुंडाळला जाऊ शकतो.

चौथं दार म्हणजे जे फंड स्वतःच कंपन्या बनवतात. नुबार अफेयान यांचं फ्लॅगशिप बघा, ते स्वतः १९८७ चे एमआयटीचे बायोकेमिकल इंजिनिअरिंगचे पीएचडी, आणि मॉडर्ना २०१० मध्ये त्यांच्याच फंडातून उभी राहिली. अशा ठिकाणी नवीन पीएचडीचं काम हे पैसे मागायला आलेल्यांची पिच ऐकणं नसून "अमुक रेणू असा वापरता आला तर काय होईल" यावर महिनोन् महिने डोकं लावणं, असं असतं. ज्यांना संशोधन पूर्ण सोडवत नाही त्यांनी हे नक्की बघावं.

आधी स्टार्टअपमध्ये चार-पाच वर्षं काढून मग फंडात येणं हाही रस्ता आहे, लांबचा पण मजबूत, कारण फाउंडर लोक अशा माणसाचं ऐकतात.

तिसरी पायरी: पेपर वाचायची सवय बदलायची

इथे जरा थांबू, कारण सायंटिस्टचं खरं भांडवल हेच आहे आणि तेच नीट वापरलं जात नाही.

२०१२ मध्ये ॲमजेनच्या लोकांनी नेचरमध्ये लिहिलं की कॅन्सरवरचे ५३ गाजलेले अभ्यास त्यांनी पुन्हा करून बघितले, त्यातल्या फक्त ६ चे निष्कर्ष जुळले. त्याच्या आदल्या वर्षी बायरनेही असंच काहीसं सांगितलं होतं, त्यांच्याकडे जेमतेम २० ते २५ टक्के प्रोजेक्ट पेपरशी जुळले होते. याचा अर्थ सगळे खोटं लिहितात असा नाही. पण एका चांगल्या जर्नलमधल्या एका पेपरवर कंपनी उभी असेल तर तुमचं पहिलं काम म्हणजे विचारणं, की हे त्या लॅबच्या बाहेर कुणी करून दाखवलंय का? नसेल तर पहिल्या पैशातला पहिला हिस्सा त्याच कामाला.

बॅटरीचं एक उदाहरण घेऊ. फाउंडर स्लाइड दाखवतो, नवीन लिथियम मेटल सेल, कूलंबिक एफिशियन्सी (भरलेल्या चार्जपैकी परत मिळणारा भाग) ९९.९ टक्के. खोलीतले सगळे मान डोलावतात. तुम्ही कॅल्क्युलेटर काढा. सेलमध्ये जादाचं लिथियम नसेल तर दर सायकलला ०.१ टक्का कायमचा जातो, ०.९९९ चा हजारावा घात म्हणजे ०.३७ च्या आसपास, म्हणजे हजार सायकलनंतर सेलमध्ये ३७ टक्केच जीव उरला. हजार सायकलनंतर ८० टक्के हवे असतील तर ९९.९८ लागतात. स्लाइडवर ९९.९ आणि ९९.९८ सारखेच दिसतात, धंद्यात तो एक चालणारी आणि एक न चालणारी कंपनी एवढा फरक आहे. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात: ही कॉइन सेल (लॅबमधली, बटणाएवढी) आहे की पाऊच सेल (खऱ्या बॅटरीत वापरतात तशी चपटी)? इलेक्ट्रोलाइट किती ओतलंय? लिथियमची फॉइल किती जाड? चार्जिंग किती वेगात, किती तापमानाला? लॅबमध्ये भरपूर इलेक्ट्रोलाइट आणि जाड फॉइल घालून सुंदर ग्राफ काढता येतात हे तुम्हाला माहीत आहे, कारण तुम्ही स्वतः किंवा तुमच्या शेजारच्या बेंचवरच्याने ते काढलेत. शेजारी बसलेल्या बँकिंगवाल्या असोसिएटला हे माहीत नसतं. तुमचा पगार यासाठी आहे.

पण इथेच अडकायचं नाही. सायन्स बरोबर आणि गुंतवणूक चूक, याचं सोलिंड्रासारखं उदाहरण नाही. सिलिकॉन न वापरता नळीच्या आकाराची सोलर पॅनल, चालत होती, वीज बनत होती. पण सगळा हिशोब सिलिकॉन महाग राहील यावर होता, पॉलिसिलिकॉनचे भाव कोसळले, साधी पॅनल स्वस्त झाली आणि २०११ मध्ये कंपनी दिवाळखोरीत, वर साडेत्रेपन्न कोटी डॉलरची सरकारी कर्जहमी बुडाली. हे एकट्या कंपनीचं नव्हतं. २००६ ते २०११ या काळात व्हेंचर फंडांनी क्लीनटेकमध्ये अडीच हजार कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि अर्ध्याहून जास्त घालवले, असं एमआयटीच्या एनर्जी इनिशिएटिव्हचा २०१६ चा अहवाल सांगतो. कारखाना उभारायला लागणारा पैसा आणि वेळ दहा वर्षांच्या फंडात बसत नव्हता, आणि शेवटी जे विकायचं ते वीज किंवा इंधन, ज्याला ब्रँड नाही, भाव बाजार ठरवतो. थर्मोडायनॅमिक्स तपासून यातलं काहीच कळलं नसतं.

म्हणून प्रत्येक कंपनीसाठी धोके वेगवेगळे लिहायची सवय लावा. तंत्र चालेल का, मोठ्या प्रमाणावर बनेल का, परवानगी मिळेल का, कुणी विकत घेईल का, ही टीम ते करेल का. तंत्र किती तयार आहे हे मोजणारी नासाची टीआरएल पट्टी, १ ते ९, पहिल्या प्रश्नाला बरी आहे, बाकीच्यांबद्दल ती काहीच सांगत नाही. औषधांत तर फेज १ मध्ये, म्हणजे माणसांवरच्या चाचणीच्या पहिल्या टप्प्यात, गेलेल्या दहा रेणूंतला साधारण एकच शेवटी मान्यतेपर्यंत जातो, त्यामुळे तिथे "चालेल का" याचं उत्तर नेहमीच शक्यतेत द्यावं लागतं.

चौथी पायरी: धोका कमी करायचा सगळ्यात स्वस्त प्रयोग शोधायचा

सायंटिस्टला हे खरं तर येत असतं. फक्त लॅबमध्ये आपण पेपर पूर्ण होईल असा प्रयोग निवडतो, इथे "नाही" लवकर कळेल असा निवडायचा.

जेनेन्टेकची गोष्ट या अंगाने वाचा. १९७६, रॉबर्ट स्वॉन्सन, रसायनशास्त्र शिकलेला, क्लायनर पर्किन्स फंडात काम केलेला तरुण, आणि हर्बर्ट बॉयर, रिकॉम्बिनंट डीएनएवाले, म्हणजे एका जीवाचा जीन दुसऱ्यात घालायच्या तंत्रावर काम करणारे शास्त्रज्ञ. फंडाने सुरुवातीला दिले एक लाख डॉलर, फक्त. कंपनीकडे स्वतःची लॅब नव्हती, काम बॉयरच्या विद्यापीठातल्या लॅबला आणि सिटी ऑफ होप या संशोधन केंद्राला वाटून दिलं. आणि थेट इन्सुलिनला हात न घालता आधी सोमॅटोस्टॅटिन नावाचं हार्मोन घेतलं, कारण ते अवघ्या १४ अमिनो ॲसिडचं, जीन हाताने जोडून बनवता येण्याएवढं लहान. बॅक्टेरियाकडून माणसाचं प्रोटीन बनवून घेता येतं का, एवढाच प्रश्न, आणि तो कमीत कमी पैशात विचारला. १९७७ मध्ये जमलं. मग मोठा पैसा आला, १९७८ मध्ये इन्सुलिन, १९८० मध्ये शेअर बाजारात ३५ डॉलरला निघालेला शेअर पहिल्याच तासात ८८ पर्यंत, आणि १९८२ मध्ये इलाय लिलीमार्फत मानवी इन्सुलिन बाजारात. बाजारातल्या उड्या लोक लक्षात ठेवतात, मला विचाराल तर सोमॅटोस्टॅटिन निवडणं हाच त्यातला खरा गुंतवणुकीचा निर्णय होता.

पाचवी पायरी: नोकरीच्या आधीच मेमो लिहायला घ्या

फंडात निर्णय मेमोवर, म्हणजे त्या कंपनीवर लिहिलेल्या छोट्या टिपणावर होतात. एक कंपनी निवडा, तुमच्या विषयातली, आणि दोन-तीन पानं लिहा: काय करतात, आत्ताच का, काय काय खरं ठरलं तरच ही मोठी होईल, काय झालं तर मरेल, ते लवकर कळायला कुठला प्रयोग, आणि शेवटी पैसे द्यायचे की नाही. शेवटचं वाक्य गुळमुळीत नको. पेपर लिहून लिहून "अधिक संशोधनाची गरज आहे" असं लिहायचा हात बसलेला असतो आपला, मेमोत ते चालत नाही, अर्धीच माहिती असताना हो किंवा नाही म्हणायचं असतं.

माहिती कुठून? पेटंट सगळ्यांना उघडी असतात, क्लिनिकल ट्रायलची नोंद उघडी असते, लिस्टेड कंपन्यांचे अहवाल असतात. पेटंट वाचताना वर्णन सोडा, क्लेम (नेमका कशावर हक्क सांगितलाय ती कलमं) वाचा, हक्क तिथेच असतो. आणि स्वतःचं पेटंट असणं म्हणजे बनवायची मोकळीक असणं नव्हे, दुसऱ्या कुणाचं त्याहून व्यापक पेटंट आडवं येऊ शकतं. पेटंट विद्यापीठाचं असेल तर लायसन्स एक्सक्लुसिव्ह आहे का आणि कुठल्या वापरापुरतं, हे बघा. क्रिस्पर या जीन बदलायच्या तंत्राच्या पेटंटवरून कॅलिफोर्निया विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट यांच्यात किती वर्षं भांडण चाललं ते वाचलंत तर हा मुद्दा वेगळा शिकवावा लागणार नाही.

असे तीन-चार चांगले मेमो हातात असले की मुलाखतीत तुम्ही बाकीच्यांच्या पुढे असता, कारण बहुतेक जण आठ पानी ॲकॅडमिक सीव्ही घेऊन येतात. सीव्ही एका पानाचा करा, पब्लिकेशनची यादी एका ओळीत.

सहावी पायरी: टर्म शीटपुरतं गणित

टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा कागद. वकील असतात, सगळं पाठ करायची गरज नाही, पण दोन गोष्टी यायलाच हव्यात. एक, प्री-मनी आणि पोस्ट-मनी: कंपनीची किंमत २ कोटी धरली आणि तुम्ही ५० लाख घातले तर नंतरची किंमत अडीच कोटी, तुमचा हिस्सा २० टक्के.

दोन, लिक्विडेशन प्रेफरन्स, म्हणजे कंपनी विकली की गुंतवणूकदाराने आपले पैसे आधी घ्यायचा हक्क. वरचीच कंपनी पुढे १ कोटीलाच विकली गेली समजा. साधं, एकपट, नॉन-पार्टिसिपेटिंग असेल तर तुम्ही ५० लाख परत घ्या किंवा २० टक्क्यांचे २० लाख घ्या, अर्थात ५० घ्याल. पार्टिसिपेटिंग असेल तर आधी ५० आणि उरलेल्या ५० चे २० टक्के, म्हणजे एकूण ६०. फाउंडरच्या वाटचे १० लाख त्या एका शब्दाने गेले. मोठ्या व्हॅल्युएशनची बातमी वाचाल तेव्हा खाली या अटी काय होत्या हे बातमीत नसतं, एवढं लक्षात असू द्या.

प्रो-राटा (पुढच्या राउंडमध्ये हिस्सा टिकवायचा हक्क), अँटी-डायल्यूशन (किंमत पडली तर हिस्सा जपणारी अट), व्हेस्टिंग (वाटा थोडा थोडा नावावर होणं) हे कामावर लागल्यावर महिनाभरात अंगवळणी पडतं.

सातवी पायरी: माणसं, आणि तोंड बंद ठेवणं

डील माणसांकडून येतात. जुने लॅबमेट, कॉन्फरन्समधले लोक, ज्या प्रोफेसरांनी तुमचा पेपर रिजेक्ट केला तेही. आधी त्यांना उपयोगी पडा, कुणाला चांगला इंजिनिअर सुचवा, कुणाची डेक (पैसे मागायच्या स्लाइड) वाचून खरं मत द्या.

फाउंडरला नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा आणि कारण सांगा. दहापैकी नऊ वेळा, कदाचित त्याहून जास्त, नाहीच म्हणायचं असतं, त्यामुळे तुमचं नाव तुम्ही नाही कसं म्हणता यावरच बनतं. तीन महिने लटकवून मग गायब होणारे लोक खूप आहेत या धंद्यात.

आणि एक गोष्ट जी सायंटिस्ट लोक फार सहज घेतात. तुमच्याकडे रिव्ह्यूला आलेला, न छापलेला पेपर हा गुंतवणुकीची माहिती नाही, तो वापरायचा नाही, त्याबद्दल पार्टनरकडे बोलायचंसुद्धा नाही. फंड सहसा एनडीए (गुप्ततेचा करार) सही करत नाहीत, म्हणून फाउंडर विश्वासावर डेटा दाखवतो, तो दुसऱ्या फाउंडरच्या टेबलावर गेला तर तुमचं करिअर तिथेच संपलं. तुमच्या जुन्या गाइडची कंपनी समोर आली तर पहिल्याच मिनिटाला सांगा आणि त्या चर्चेतून उठा.

जाण्याआधी स्वतःला विचारायचे दोन-तीन प्रश्न

प्रयोग फसला तर आठवड्यात कळतं, गुंतवणूक फसली की जमली हे कळायला सात-आठ वर्षं लागतात, तोवर तुम्ही हुशार होता की नशीबवान हे तुम्हालाच माहीत नसतं. चालेल का? कॅरीचं बोलणं सगळे करतात, पण ती वर्षानुवर्षं व्हेस्ट होते आणि फंड नफ्यात गेला तरच मिळते, म्हणून ऑफर बघताना ती शून्य धरा आणि मग पगार पटतो का बघा. काम स्वतः करायचं नाही, दुसऱ्याने केलेलं बघायचं, हेही अनेकांना जड जातं. आणि तुमच्या विषयातली खोली हळूहळू जाते, एका दिवसात सकाळी फोटॉनिक्स, दुपारी एन्झाइम, संध्याकाळी ड्रोन. ज्यांना हे ऐकून मजा वाटली त्यांनी जावं.

लागलात तर पहिल्या महिन्यात एक काम करा, फंडाने नाही म्हटलेल्या जुन्या कंपन्यांचे मेमो मागून घ्या. बेसेमर व्हेंचर पार्टनर्सनी तर आपण सोडलेल्या कंपन्यांची यादी स्वतःच जाहीर करून ठेवलीये, त्यात ॲपल आणि गूगलसुद्धा आहेत. तुमच्या फंडाची यादी कपाटात असेल. प्रत्येक मेमोत नकाराचं कारण काय दिलं होतं आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं हे शेजारी शेजारी दोन रकान्यांत लिहा, आणि मग आतल्या सगळ्यात जुन्या पार्टनरबरोबर तासभर बसून त्या रकान्यांवर प्रश्न विचारा.